बुद्धिबळ : सिद्धांत व विचार यांचा विकास

बुद्धिबळाचा डाव कोणत्या तत्त्वांना अनुसरून मांडावा, मोहऱ्यांची किंमत कशी ठरवावी, हल्ला केव्हा करावा व बचाव कसा बांधावा यांविषयी खेळाडूंनी व ग्रंथकारांनी कालक्रमाने बनविलेल्या विचारांच्या समुच्चयास बुद्धिबळाचा सिद्धांत असे म्हणतात. पट व सोंगट्या सामान्यतः सर्वत्र सारख्या असल्या, तरी हा सिद्धांत सर्व काळी एकच राहिलेला नाही. त्याची वाढ दोन गोष्टींवर अवलंबून असल्याचे दिसते. पहिली गोष्ट म्हणजे खेळाचे नियम : नियमात लहानसा फेर पडला, तरी डावाची सर्व तत्त्वे नव्याने शोधावी लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे लेखन : जे डाव व जे विचार लिहून ठेवले गेले, त्यांवरच पुढच्या पिढीला आपली इमारत उभारता आली. महाराष्ट्रात व लगतच्या प्रदेशांत देशी पद्धतीचा खेळ आणि आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खेळ यांचे संक्रमण अलीकडच्या काळात घडून आल्यामुळे या दोन्ही गोष्टी येथील इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसतात.

प्राचीन काळ : चतुरंग हा खेळ भारतात उगम पावला, हे मत आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून त्यास हे नाव पडले. बाणभट्टाच्या हर्षचरितात (सातवे शतक) अष्टापद पट आणि चतुरंग यांचा श्लेषाने उल्लेख आला आहे. इराणात तो चतरंग व पुढे अरबांकडे शतरंज या नावाने गेला. चार खेळाडूंनी फासे टाकून खेळावयाचा चतुरंग हेच या खेळाचे मूळ रूप, असे मत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मांडले गेले होते. तथापि पुढील संशोधनात ते टिकले नाही. दोन खेळाडूंचा, फाशांवाचून खेळला जाणारा प्रकारच अधिक जुना, असे आता मानतात.

सिद्धांताची पहिली पद्धतशीर मांडणी नवव्या व दहाव्या शतकांत बगदादच्या परिसरात झाली. अल्-अदली व अस्-सूली (मृत्यू सु. ९४६) हे या काळातील प्रमुख ग्रंथकार. त्या वेळी वजीर तिरपा एकच घर चाले आणि आज ज्याला मराठीत उंट म्हणतात तो मोहरा तिरप्या दिशेने दुसऱ्या घरात उडी घेई. त्यामुळे दोन्ही सैन्ये एकमेकांस भिडण्यास बराच वेळ लागे. या संथपणामुळे अरब खेळाडूंनी सुरुवातीच्या एकेका खेळीचा विचार न करता संपूर्ण मांडणीचा विचार केला. सैन्याच्या अशा ठरीव रचनांना त्यांनी नावे दिली व त्यांचे गुणदोष नोंदविले. डावाच्या अखेरच्या अवस्थांतील कूटे ही त्यांची दुसरी महत्त्वाची निर्मिती होय.

दख्खनमधील व मराठी पंडितांचे ग्रंथ : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११३०) या कोशवजा संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांमध्ये चतुरंगक्रीडेचे वर्णन आहे. सोमेश्वराच्या राज्यात कर्नाटकाबरोबर आजच्या महाराष्ट्राचाही मोठा भाग येत असल्याने दख्खनमधील या खेळाच्या इतिहासाचे ते एक प्रमुख साधन ठरते.

सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट याने भगवंतभास्कर हा धर्मशास्त्रविषयक बृहद्ग्रंथ रचला. नीलकंठाचे घराणे मूळचे पैठणचे. ते काशीस जाऊन स्थायिक झाले होते. या ग्रंथाच्या नीतिमयूख या भागात बुद्धिबळावर एक प्रकरण आहे. राजनीतीच्या विवेचनात खेळाला स्थान मिळावे, हे या काळातील दृष्टीचे द्योतक आहे : पटावरील युद्ध हे प्रत्यक्ष युद्धाच्या विचाराचे साधन मानले जाई. नीलकंठाने पटावरील सर्व घरांतून प्रत्येकी एकदाच घोडा फिरविण्याच्या कूटाची उत्तरेही दिली आहेत. हे कूट भारतात फार जुने असून नवव्या शतकातील काश्मीरचा आलंकारिक रुद्रट याने अर्ध्या पटावरील अशा फिरतीचा उपयोग चित्रकाव्यात केला होता. यूरोपात या प्रश्नाचा गणिती अभ्यास लेनर्ड ऑयलर (१७०७–८३) या गणितज्ञाने १७५९ च्या सुमारास केला. मात्र संस्कृत ग्रंथांत मोहऱ्यांच्या चाली, मांडणी व कूटे ही आढळत असली, तरी दोन खेळाडूंमध्ये प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांच्या नोंदी त्यांत आढळत नाहीत. ही उणीव पुढे फार महत्त्वाची ठरली.

गोवा व दक्षिण कोकण : सावंतवाडी संस्थानात मोडणाऱ्या दोडामार्गाच्या मुलखाची हद्द डिचोली व सत्तरी या गोव्यातील महालांशी भिडलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९६१ पर्यंत हे महाल पोर्तुगीज अमलाखाली होते. एकाच उगमापासून निघून दोन वाटांनी गेलेल्या खेळाची दोन रूपे या सीमेवर समोरासमोर आली. पोर्तुगीज भाषेत बुद्धिबळास ‘शद्रेझ’ म्हणतात. हा शब्द अरबी शतरंजावरून व म्हणून अखेरीस संस्कृत चतुरंगावरूनच आलेला आहे. मराठीतील प्यादे हा शब्द फार्सीतून व त्याच मोहऱ्याचे पोर्तुगीज नाव लॅटिनमधून आलेले असून दोहोंच्या मुळाशी पायवाचक असा एकच प्राचीन धातू आहे. मराठीत ज्यास उंट म्हणतात, त्यास पोर्तुगीज भाषेत धर्मगुरूचे नाव आहे. मराठीतील हत्तीच्या जागी तेथे बुरूज आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय वनौषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ऑर्ताचे अहमदनगरच्या निजामशाही दरबारी जाणेयेणे होते. औषधींच्या विवेचनाच्या ओघात त्याने येथील बुद्धिबळातील मोहऱ्यांच्या नावांचीही चर्चा केली आहे. खेळाडूंचे राजा, वजीर, घोडा, प्यादे हे शब्द दख्खनमध्ये किती रुळले होते, याची कल्पना त्यावरून येते.

देशी पद्धती व तिची तत्त्वे : एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात घरोघरी खेळले जाणारे बुद्धिबळ आंतरराष्ट्रीय पद्धतीहून काही बाबतींत वेगळे होते. गावोगावी तपशिलात फरक असला, तरी पुढील नियम सामान्यतः पाळले जात : (१) प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरके. (२) किल्लेकोट नव्हता; त्याऐवजी शह बसलेला नसेल, तर राजास डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल करता येई. (३) शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीरच होई असे नाही. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत ते पोचे, तो मोहरा त्यास प्राप्त होई. राजा व वजीर यांच्या पट्टीतील प्याद्याचा वजीर होई. (४) एका बाजूचे सर्व मोहरे व प्यादी मारली जाऊन केवळ राजा उरला म्हणजे ‘बुर्जी’ झाली असे मानीत. ती पूर्ण विजयाहून कमी दर्जाची ठरे किंवा डाव बरोबरीत सुटे. (५) शह नसताना राजाची कोंडी करणे सामान्यतः निषिद्ध असे.

या नियमांतून स्वतंत्र अशी तत्त्वे निर्माण झाली होती. पटाच्या मध्यभागी दोन्ही बाजूंच्या प्याद्यांमध्ये आरंभी चार ओळी मोकळ्या असतात. प्यादे प्रथमच दोन घरे सरकू शकले, तर दोन्ही पक्षांच्या एकेका खेळीत प्यादी समोरासमोर येऊन ठेपतात. एकच घर सरकत असेल, तर त्यासाठी प्रत्येकी दोन खेळ्या लागतात. अर्थातच देशी डावात सुरुवातीची चकमक उशिरा होई. म्हणून कोठे कोठे आरंभीच्या काही खेळ्या एकदम करून घेण्याचीही रीत होती. आरंभी घाईने हल्ला करण्यापेक्षा भक्कम रचना करणे आणि घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून त्यामागे उंट आणून ठेवणे, यांत खेळाडूचे काही नुकसान होत नसे.

प्याद्याच्या बढतीच्या नियमामुळे सर्व प्यादी समान मोलाची नव्हती. मध्यावरील पट्टीतले प्यादे वजिराची आशा बाळगून असे, तर घोड्याच्या पट्टीतले प्यादे फार तर घोडा होई. म्हणून तिरप्या माऱ्याने प्यादे कोणत्या पट्टीत न्यावे, हा डावाच्या उत्तरार्धातील महत्त्वाचा प्रश्न असे. बुर्जीच्या नियमामुळे वरचढ खेळाडूस प्रतिपक्षाचा अखेरचा मोहरा मारण्याचा मोह आवरावा लागे. तो मोहरा पटावर ठेवूनच मात करणे हे कौशल्य समजले जाई. प्याद्याने केलेली मात तर विशेष मानाची. ‘प्यादेमात’ हा शब्द खेळाबाहेरही मोठ्याचा लहानाकडून झालेला पराभव या अर्थाने मराठीत रूढ झाला, तो यामुळेच. ज्या मोहऱ्यास दुसऱ्याचा आधार आहे त्यास ‘जोर’ आहे असे म्हणत. जोर असलेला व बिनजोर मोहरा यांतील भेद हा नवशिक्यास शिकविला जाणारा पहिला धडा असे. ही सर्व तत्त्वे मुख्यतः तोंडी शिकविली जात. ओसरीवरचा वा देवळातला डाव संपला, की त्यातील खेळ्याही विसरल्या जात.

यूरोपातील नियमबदल व सिद्धांताचा उदय : पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन व इटली या देशांत वजीर व उंट यांच्या चाली वाढविण्यात आल्या. वजीर सर्व दिशांनी व उंट तिरप्या दिशेने हवी तितकी घरे जाऊ लागला. या एका बदलाने जुनी अरबी मांडणी निरुपयोगी ठरली. अवघ्या काही खेळ्यांत मात होणे शक्य झाल्याने सुरुवातीच्या प्रत्येक खेळीचा हिशेब करणे भाग पडले. लुसेना (१४९७), पोर्तुगीज लेखक दामियानो (१५१२) आणि रुय लोपेझ (१५६१) यांचे ग्रंथ या गरजेतून निर्माण झाले. दामियानोचे पुस्तक रोम येथे छापले गेले ते गोव्यावर पोर्तुगीज अंमल बसल्यानंतर दोनच वर्षांनी. मात्र त्यातील नवी पद्धती भारतीय खेळाडूंत रुजण्यास आणखी तीन-चार शतके लागली. सतराव्या शतकातील इटालियन खेळाडू ग्रेको याने चमकदार हल्ल्यांचे नमुने संगृहीत केले.

फ्रेंच संगीतकार व खेळाडू फिलिदोर (१७२६–९५) याने १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात प्याद्यांची साखळी हाच डावाचा प्राण आहे, असे प्रतिपादन केले. तोवर प्यादी ही हल्ल्यासाठी वाट मोकळी करून देताना खर्ची घालावयाची वस्तू समजली जात होती. डावाच्या कायम स्वरूपाच्या रचनेचा विचार फिलिदोरपासून सुरू झाला. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोहऱ्यांची आहुती देऊन राजावर थेट चाल करण्याची शैलीच लोकप्रिय राहिली. जर्मन खेळाडू आंडरसेन (१८१८–७९) याचा १८५१ मधील लंडनचा ‘अमर डाव’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी (१८३७–८४) याने असे हल्ले कशाच्या बळावर यशस्वी होतात, हे आपल्या खेळाने दाखविले. सर्व मोहरे त्वरेने बाहेर काढणे आणि खुल्या पट्ट्या ताब्यात घेणे, हे त्याच्या यशाचे गमक होते.

व्हिल्हेल्म स्टाइनिट्झ (१८३६–१९००) हा पहिला अधिकृत जगज्जेता (१८८६) सिद्धांताचा खरा संस्थापक मानला जातो. दोन्ही बाजूंचा तोल सारखा असताना केलेला हल्ला योग्य बचावापुढे फसलाच पाहिजे. म्हणून प्रथम लहानलहान फायदे साठवावेत आणि ते पुरेसे झाले म्हणजेच हल्ला करावा, असे त्याचे म्हणणे होते. प्रतिपक्षाची दुबळी घरे, उंटांची जोडी व प्याद्यांची रचना हे त्याने दाखवून दिलेले फायद्याचे प्रकार आजही अभ्यासले जातात. झीगबेर्ट तराश (१८६२–१९३४) याने हे विचार सोप्या नियमांच्या रूपात मांडले व पटाचा मध्यभाग प्याद्यांनी व्यापण्यावर भर दिला.

नवमतवाद व भारतीय बचाव : पहिल्या महायुद्धानंतर आरोन निम्झोविच (१८८६–१९३५), रिखार्ट रेटी (१८८९–१९२९) इत्यादींनी तराशच्या नियमांस आव्हान दिले. मध्यभाग प्रत्यक्ष प्याद्यांनी व्यापण्याऐवजी तो दुरून, उंट व घोडे यांच्या माऱ्याने ताब्यात ठेवता येतो. प्रतिपक्षास तेथे प्यादी आणू द्यावीत व मग ती लक्ष्य करावीत, असे त्यांचे मत होते. १९२४ साली न्यूयॉर्क येथे रेटीने जगज्जेत्या कापाब्लांकाचा पराभव केला आणि निम्झोविचच्या माझी पद्धती या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथाने (१९२५) या पंथास शास्त्रीय बैठक दिली. या पंथाच्या अनेक बचावांना ‘भारतीय’ असे नाव मिळाले आहे.

या नावामागे इतिहास आहे. स्कॉटिश वकील व खेळाडू जॉन कॉक्रेन (१७९८–१८७८) हा कलकत्त्यास असताना मोहेशचंद्र बंदोपाध्याय या बंगाली खेळाडूशी त्याचे शेकडो डाव झाले. मोहेशचंद्र देशी पद्धतीत वाढलेले होते. यूरोपीय नियमांनी खेळतानाही ते राजाच्या बाजूचे घोड्यापुढील प्यादे एकच घर सरकवून त्यामागे उंट ठेवीत आणि प्रतिपक्षास मध्यभागी प्यादी आणू देत. १८५५ मधील त्यांच्या एका डावात जी सुरुवात आढळते, तीच १९२२ मध्ये ऑस्ट्रियन खेळाडू ग्र्यूनफेल्ट याने प्रचारात आणली व ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. प्याद्याच्या एका घराच्या चालीची सवय असलेल्या खेळाडूस ही रचना स्वाभाविक होती. यूरोपीय सिद्धांतास मात्र ती पटण्यास सुमारे सत्तर वर्षे जावी लागली. मोहेशचंद्रांचे हे डाव आज उपलब्ध आहेत, याचे कारण कॉक्रेनने ते टिपून ठेवले हे होय. त्यांच्याइतक्या कुशल अशा इतर देशी खेळाडूंचे डाव नष्ट झाले. भारतीय विचारांचा जागतिक सिद्धांतावरील प्रभाव किती, हे ठरविताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

महाराष्ट्रातील संक्रमण : मुंबईत हे संक्रमण पेशवाई संपण्यापूर्वीच सुरू झाले होते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडिताच्या विलासमणिमंजरी या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाले. यूरोपीय खेळपद्धतीस जुळवून घेतलेले निबंध, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. त्यात मुख्यतः डावाच्या आणीबाणीच्या अवस्था देऊन त्यांची उकल दिली आहे. देशी परंपरेतील कूटांचे भांडार नव्या नियमांच्या चौकटीत बसविण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय. पुण्यात १८९३ मध्ये विनायक राजाराम टोपे यांचा बुद्धिबळक्रीडा हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एका पद्धतीतून दुसरीत जाताना काय गमवावे व काय नव्याने शिकावे लागते, हे मीर सुलतान खान (१९०३–६६) याच्या उदाहरणावरून दिसते. पंजाबमधील हा खेळाडू देशी नियमांवर वाढला. १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत कापाब्लांकाला हरविले. सुरुवातीच्या ग्रांथिक ज्ञानात तो इतरांच्या मागे असे. डावाचा मध्य व अखेर यांत मात्र त्याची बरोबरी करणारे थोडे होते. नियमांच्या बदलाचा फटका सुरुवातीच्या खेळीस सर्वाधिक बसतो, तर मोहऱ्यांच्या सहकार्याची जाण कोणत्याही पद्धतीत उपयोगी पडते, असा निष्कर्ष त्यावरून निघतो.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ मध्ये झाली. १९५५ च्या एलुरू येथील पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. यानंतर स्पर्धात्मक खेळात आंतरराष्ट्रीय नियमच सार्वत्रिक झाले व देशी पद्धती घरगुती खेळापुरती उरून क्रमाने मागे पडली. सांगली हे या नव्या अभ्यासाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र बनले. तेथील नूतन बुद्धिबळ मंडळाने भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या पुढाकाराने स्पर्धा व प्रशिक्षण यांची दीर्घ परंपरा निर्माण केली.

स्त्रियांच्या बुद्धिबळाचा पाया या राज्यातील खेळाडूंनी घातला. १९७४ मधील पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांनीही हे अजिंक्यपद मिळविले. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा त्यास हरकत घेण्यात आली. परंतु लिंगभेदाच्या कारणावरून कोणासही स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही, हे तत्त्व अखेरीस मान्य झाले. रोहिणी यांनी १९८१ मध्ये आशियाई महिला अजिंक्यपद जिंकले. भाग्यश्री साठे-ठिपसे, अनुपमा अभ्यंकर-गोखले व सांगलीच्या स्वाती घाटे यांनी ही परंपरा पुढे चालविली. पुरुषांमध्ये प्रवीण ठिपसे (१९९७) हे विश्वनाथन आनंद व दिव्येंदु बरुआ यांच्यानंतरचे भारताचे तिसरे ग्रँडमास्टर होत. पुण्याचे अभिजित कुंटे (२०००) व नाशिकचे विदित गुजराथी (२०१३) यांनीही हा किताब मिळविला. २०२४ मध्ये बूडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या व महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदके जिंकली. खुल्या संघात गुजराथी व महिला संघात नागपूरच्या दिव्या देशमुख यांचा समावेश होता. २०२५ मध्ये दिव्या देशमुख यांनी महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताबही प्राप्त केला. त्याच वर्षी खुल्या गटाची विश्वचषक स्पर्धा दोडामार्गास लागून असलेल्या गोव्यात भरली.

संगणकाचा काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट खेळाडूंनी पूर्वतयारीस प्रयोगशाळेचे स्वरूप दिले. मिखाइल बॉट्विनिक (१९११–९५) याने सुरुवात, मध्य व अखेर यांचा एकत्रित अभ्यास करण्याची शिस्त घालून दिली. बोलेस्लाव्हस्की व ब्रॉनश्टाइन यांनी राजाच्या बाजूचा भारतीय बचाव प्रतिष्ठित केला. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारॉव्हचा सामन्यात पराभव केला. पटावर सात वा त्याहून कमी मोहरे असलेल्या सर्व अवस्थांचा निर्णायक हिशेब २०१२ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे डावाच्या अखेरीविषयीच्या अनेक जुन्या समजुती दुरुस्त कराव्या लागल्या. २०१७ मध्ये जाहीर झालेला ‘अल्फाझीरो’ हा कार्यक्रम मनुष्यनिर्मित सिद्धांत न शिकता, केवळ नियम घेऊन स्वतःशी खेळत तयार झाला. मोहऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या हालचालीस तो देत असलेले महत्त्व पाहून खेळाडूंनी आपल्या मूल्यमापनाचा फेरविचार केला.

याच कार्यक्रमाच्या साहाय्याने २०२० मध्ये माजी जगज्जेता क्राम्निक व काही संगणकतज्ज्ञ यांनी नियम थोडे बदलून पाहिले असता डाव कसा घडतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या प्रकारांत किल्लेकोट नसलेला आणि प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकणारा असे दोन प्रकार होते. महाराष्ट्रातील ओसऱ्यांवर हे दोन्ही नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले जात होते. नियम हाती असले, की त्यांतून निघणारा सिद्धांत आता यंत्राकडून नव्याने काढून घेता येतो. जुन्या खेळाडूंनी त्याच नियमांतून कोणत्या युक्त्या शोधल्या होत्या, कोणता हल्ला कोणत्या बचावाने परतविला होता, हे मात्र यंत्रास सांगता येत नाही. ‘बुर्जी’, ‘जोर’, ‘प्यादेमात’ यांसारखे शब्द, मोजकी कूटे आणि दुसऱ्यांनी टिपून ठेवलेले थोडे डाव एवढ्यांतूनच त्या विचाराची रूपरेषा आज जुळविता येते. देशी पद्धतीने खेळलेले वृद्ध खेळाडू हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नियमांची स्थानिक रूपे व आठवणीतले डाव नोंदवून घेणे, हे या विषयातील तातडीचे काम होय.